हवेवरची पोर्शे आणि पाण्यावरची पोर्शे

एक माशी स्कूटरचं इंजिन बंद पाडू शकते, हे मी दहावीत असताना पाहिलं. काकांची गिअरची स्कूटर अख्खा मे महिना पडवीत उभी होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात काका आणि मी तिच्यावरून पालीला निघालो. हातखंब्याच्या पुढे चढ लागला तशी ती आधी कुरकुरली, मग जड झाली आणि शेवटी रस्त्याकडेला उभी राहिली. किक खालीच जाईना. पिस्टन सिलिंडरात घट्ट अडकला होता. मिस्त्रीने हेडवरचं, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरचं, पत्र्याचं काउल काढलं तर फिन्सच्या, म्हणजे उष्णता वाऱ्यावर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटींमध्ये सगळी तांबडी माती. कुंभारीण माशीने एकेका फटीत घर बांधलेलं, तेही छान लिंपून. पंखा ठणठणीत होता, हवा फेकत होता. पण हवा जिथून जायची, तिथेच मातीचे बूच.

पुढे मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं. बोटींची डिझेल इंजिनं हा मुख्य धंदा, मधूनमधून जनरेटर, पंप, कधी शेजाऱ्यांची दुचाकी. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात: इंजिन तापतं.

त्यामुळे स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, समजा पैशांचा प्रश्न नाही. पोर्शे ९९३ घ्यायची की ९९६?" तेव्हा मी "आधी पैशांचा प्रश्न सुटू दे" असं म्हणालो खरा, पण मग तासभर बोलत बसलो. कारण या दोन गाड्यांमधलं भांडण मुळात माझ्या धंद्यातलं आहे. एक हवेवर थंड होते, दुसरी पाण्यावर. त्याला जे सांगितलं ते जरा नीट लावून इथे लिहितोय.

आधी आकड्यांचा गुंता सोडवू. गाडीचं नाव ९११. ९९३ आणि ९९६ हे कंपनीच्या आतले पिढीचे क्रमांक, ते गाडीच्या पाठीवर लिहिलेले नसतात. पहिली गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने मांडली होती. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून शून्याच्या जागी एक आला. त्यानंतर पस्तीस वर्षं दर काही वर्षांनी गाडी बदलत गेली, मोठी झाली, वेगवान झाली, पण तीन गोष्टी तशाच राहिल्या. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे झोपवलेले. आणि इंजिन थंड करायला हवा.

आडवं इंजिन म्हणजे काय ते टाळी वाजवून बघा. दोन तळवे एकदम जवळ येतात, एकदम लांब जातात. समोरासमोरचे पिस्टन तसेच हलतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. इंजिन उंचीला बुटकं राहतं, गाडीचं वजन जमिनीलगत येतं.

या हवेच्या घराण्यातली शेवटची ती ९९३. १९९३ साली दाखवली, १९९८च्या मार्चमध्ये शेवटची कारखान्यातून बाहेर पडली. ९९६ त्याआधीच, १९९७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आली होती. रेडिएटर असलेली पहिली ९११. त्या दिवसापासून जगभरच्या पोर्शेवाल्यांत जी भाऊबंदकी सुरू झाली ती अजून मिटलेली नाही. हवेवाले म्हणतात खरी ९११ तिथेच संपली. बाजारभावही त्यांच्याच बाजूने बोलतो: चांगल्या ९९३ची किंमत साध्या ९९६च्या कितीतरी पट असते, आणि ९९६ ही बराच काळ सगळ्यात स्वस्तात मिळणारी ९११ म्हणून ओळखली गेली.

माझं म्हणणं असं, की ९९६ पाण्यामुळे बदनाम झाली हे सरळ सरळ चूक आहे. तिच्यावरचे आरोप तीन वेगवेगळे आहेत आणि लोकांनी ते एकाच बादलीत कालवलेत. ते वेगळे करायचे तर आधी उष्णतेचं गणित बघायला लागेल.

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा आतलं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं. आणि हेड, पिस्टन ज्याचे बनतात ते अ‍ॅल्युमिनिअम साधारण ६६० अंशांना वितळतं. म्हणजे बाहेरून सतत उष्णता काढून घेतली नाही तर इंजिन स्वतःच्याच आगीत विरघळेल. पेट्रोलमधल्या शक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, बाकीची धुरांड्यातून आणि इंजिनच्या अंगातून उष्णता म्हणून बाहेर जाते. ती कोण वाहून नेणार, एवढाच प्रश्न.

मोटारसायकलचं सोपं असतं. इंजिन उघड्यावर, फिन्सवरून वारा जातो. स्कूटरचं इंजिन पत्र्याआड लपलेलं, तिथे वारा पोचत नाही, म्हणून फ्लायव्हीललाच पाती लावून पंखा करतात आणि काउल घालून ती हवा बरोबर फिन्सवरून फिरवतात. पोर्शेने तेच केलं, मोठ्या प्रमाणावर. इंजिन गाडीच्या पाठीत बंदिस्त, म्हणून वर एक भलामोठा पंखा, बेल्टवर फिरणारा, आणि सहाही सिलिंडरांवर हवा ढकलणारा. मागचं झाकण उघडलं की ९९३मध्ये तो पंखा समोरच दिसतो. एवढ्या महागड्या गाडीत आणि काकांच्या स्कूटरमध्ये युक्ती एकच, हे मला फार आवडतं.

पण हवा एकटी पुरत नाही. पुष्कळशी उष्णता ऑईल वाहून नेतं. ९९३मध्ये अकरा लिटरच्या आसपास ऑईल असतं, त्याची टाकी वेगळी, आणि ऑईल थंड करणारा कूलर पार पुढे, उजव्या चाकाजवळ. पाठीतल्या इंजिनातून नळीने ऑईल पुढे जातं, वारा खाऊन परत येतं. म्हणून जाणकार हिला 'हवा आणि तेलावरची' म्हणतात. तिचं ऑईल तपासायची पद्धतही आपल्या सवयीच्या उलटी. आपण इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पट्टी काढतो. इथे गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू असताना पट्टी काढायची. बंद इंजिनवर तपासून कमी दिसलं म्हणून ऑईल ओतलं, तर जास्त भरण्याचा गोंधळ होतो.

हवेवर इंजिन ठेवण्यात शहाणपणही होतं. पाणी नाही म्हणजे गळणं नाही, होजपाइप फाटणं नाही, आणि जर्मनीच्या थंडीत गोठणं नाही. पोर्शे घराण्यानेच आखलेली बीटल याच जोरावर जगभर चालली. आपल्याकडे गोठण्याची भीती कधीच नव्हती, आपली भीती उकळण्याची.

आता पाणी. पेजेचं तापलेलं पातेलं लवकर निववायचं असेल तर आई त्याला वारा घालत बसत नाही, परातीत पाणी घेऊन त्यात ठेवते. का? एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता घेतं, तेवढीच उष्णता पोटात घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. ओझं उचलायच्या ताकदीत एवढा फरक. पाणी इंजिनच्या पोटात, अगदी जिथे आग आहे तिथपर्यंत नळ्यांमधून घुसतं, उष्णता उचलतं आणि रेडिएटरपाशी हवेला देऊन परत येतं. शेवटी उष्णता जाते ती हवेतच. पाणी मधला हमाल.

बंदरात आमच्याकडे याची तिसरी तऱ्हा. बोटीच्या इंजिनात गोडं पाणी फिरतं, आणि ते थंड करायला बाजूच्या नळ्यांतून समुद्राचं खारं पाणी ओढतात. खारं पाणी थेट इंजिनात घातलं तर आतून खाऊन टाकेल, म्हणून दोघांची गाठ फक्त नळीच्या पत्र्यापलीकडून. तिथे जस्ताची कांडी बसवतात, म्हणजे मीठ आधी जस्त खातं आणि नळ्या वाचतात. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, कांडी बदलायला विसरला की पुढच्या हंगामात माझ्याकडे येतो.

तर मग पोर्शेला १९९७ सालीच पाण्याची गरज का पडली? त्याआधी चौतीस वर्षं हवा चालली होती की.

कारण व्हॉल्व्हमध्ये आहे. ९९३च्या प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, एक हवा आत घेणारा, एक धूर सोडणारा. सहा सिलिंडरांचे बारा. चार व्हॉल्व्ह केले तर इंजिन मोकळा श्वास घेतं, जास्त ताकद देतं, पेट्रोल नीट जळतं. पण चार व्हॉल्व्ह म्हणजे हेडमध्ये चार भोकं, आणि त्यांच्यामध्ये उरते ती धातूची अरुंद पट्टी, बरोबर आगीच्या तोंडावर. बाहेरच्या फिन्सवरून जाणारी हवा तिथे पोचूच शकत नाही. पाणी पोचतं, कारण हेड ओततानाच आत पाण्याच्या वाटा ठेवता येतात. हे पोर्शेला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. १९८६च्या ९५९ या गाडीत त्यांनी सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर असा अर्धनारीनटेश्वर केला होता, चार चार व्हॉल्व्हसकट. शर्यतीच्या गाड्यांत तर त्याही आधी.

दुसरं कारण धूर आणि आवाज यांचे कायदे. हवेवरच्या इंजिनाचं तापमान ऋतूप्रमाणे, चढाप्रमाणे खालीवर होत राहतं. गरम झालं की धातू फुगतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जरा जास्त फट ठेवावी लागते, आणि त्या फटीतून थोडं ऑईल जळतं, धूर खराब होतो. पाण्यावरचं इंजिन थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे तापमान बघून पाण्याची वाट उघडझाक करणाऱ्या झडपेमुळे, एका तापमानाला टिकून राहतं, सगळी मापं घट्ट ठेवता येतात. शिवाय सिलिंडरभोवती पाण्याचं आवरण असलं की आतला खडखडाट बाहेर कमी येतो, आणि पंख्याची घरघर तर जातेच.

हवेवाल्यांचं खरं दुखणं हीच घरघर आहे, हे मला भाच्याने पाठवलेल्या आवाजांवरून कळलं. ९९३चा आवाज कोरडा, जाड कापड एका दमात फाडावं तसा, आणि त्याच्याखाली पंख्याची एकसारखी घोंघावणी, लांबून भाताची गिरणी ऐकू यावी तशी. ९९६चा आवाज स्वच्छ आहे, वर चढत जातो तसा गोड होतो. पण गिरणी गेली. ज्याचं लहानपण त्या आवाजात गेलं त्याला तो बदल घर पाडल्यासारखा वाटणार, हे मी समजू शकतो. फक्त त्याला बिघाड म्हणू नये.

आकडे बघितले तर वादच राहत नाही. सुरुवातीच्या ९९३मध्ये ३.६ लिटरचं इंजिन, २७२ अश्वशक्ती. ९९६मध्ये इंजिन लहान, ३.४ लिटर, तरी ३०० अश्वशक्ती. लिटरमागे ७५ वरून ८८. गाडी साडेअठरा सेंटिमीटर लांब झाली आणि तरी पन्नास किलोने हलकी: १३७० वरून १३२०. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला ५.६ ऐवजी ५.२ सेकंद. हे सगळं पाण्याचं आणि चोवीस व्हॉल्व्हचं, शिवाय नव्या बॉडीचं देणं.

बॉडीबद्दल थोडंच सांगतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. ९९३मध्ये बसलं की १९६३ची आठवण शिल्लक आहे: समोरची काच उभट, पॅडल जमिनीतून वर आलेली, बटणं मिळेल तिथे. ९९६ ही १९६३नंतरची पहिली ९११, जी कोऱ्या कागदावर आखली. काच तिरपी, पॅडल वरून लोंबणारी, आत माणसाला बसायला जागा. गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारख्याला ९९६च बरी.

मागे इंजिन असण्याचा जुना तोटा मात्र ९९३नेच बराचसा मिटवला होता, त्याचं श्रेय तिला द्यायला हवं. होडीच्या मागच्या टोकाला जाळ्यांचा ढीग रचला आणि अचानक वळली, तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. जुन्या ९११चं तेच. आंबा घाटासारख्या वळणात वेगाने शिरलात आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलात, की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि इंजिनाचं ओझं त्यांना बाहेर ओढतं. ९९३मध्ये मागची चाकं अनेक दांड्यांनी एका वेगळ्या अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटीला जोडली, त्यामुळे वळणात चाक आपली दिशा धरून राहतं. ९९६ने तीच बांधणी पुढे नेली.

आता आरोप. पहिला आरोप दिव्यांचा. ९९६चे पुढचे दिवे गोल नाहीत, खाली पसरलेले, आणि त्यातच इंडिकेटरचा नारिंगी डाग. लोकांनी नाव ठेवलं तळलेलं अंडं, आपल्या भाषेत हाफ फ्राय. ते तसे का, याचं उत्तर पैशात आहे. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शे बुडायच्या बेतात होती. १९९३ साली वेंडेलिन विडेकिंग प्रमुख झाले, त्यांनी टोयोटाच्या पद्धती शिकवणारे जपानी तज्ज्ञ बोलावून कारखान्याची घडी बदलली. खर्च वाचवायला ठरलं की बॉक्स्टर ही स्वस्त पोर्शे आणि नवी ९११ यांचा पुढचा भाग एकच ठेवायचा. दिवे, बॉनेट, दारं, सगळं एका साच्यातलं. बॉक्स्टर आधी, १९९६ साली बाजारात आली. मग ९११ला पुष्कळ जास्त पैसे मोजणाऱ्याला आरशात आपल्या मागे तोच चेहरा दिसायला लागला. राग येणारच. २००२च्या मॉडेलला दिवे बदलले, इंजिनही ३.६ लिटर, ३२० अश्वशक्तीचं झालं. पण कंपनी वाचली ती याच दोन गाड्यांनी. ९९३ अडुसष्ट हजारांच्या आसपास बनल्या, ९९६ पावणेदोन लाख.

दुसरा आरोप पाण्याचा, त्याचं वर बोललोच. तिसरा आरोप खरा, आणि त्याचा पाण्याशी काडीचा संबंध नाही. तो एका बेअरिंगचा आहे.

व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्ट फिरावा लागतो, आणि त्याला फिरवतो क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा. आडव्या इंजिनात दोन्ही बाजूंचे कॅम लांब असतात, म्हणून क्रँकच्या खाली आणखी एक शाफ्ट ठेवतात. क्रँक त्याला फिरवतो, आणि तो चेनने दोन्हीकडचे कॅम फिरवतो. हा मधला शाफ्ट जुन्या ९११मध्येही होता. तिथे तो साध्या शेल बेअरिंगवर, म्हणजे गोळ्या नसलेल्या गुळगुळीत कवचावर, फिरायचा आणि इंजिनचा ऑईलपंप त्याला दाबाने ऑईल पाजायचा. ९९६च्या साध्या इंजिनात एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग घातलं. आत ग्रीस भरलेलं, दोन्ही बाजूंना रबरी सील, बाहेर चोहीकडे गरम ऑईल.

ज्याने कधी पंपाचं बेअरिंग बदललंय त्याला पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. उष्णतेने सील कडक होतं. कडेने गरम ऑईल आत झिरपतं, ग्रीस धुऊन टाकतं. मग ते आत अडकलेलं ऑईल बदलत नाही, तुम्ही बाहेरचं दहादा बदला. गोळ्या झिजतात, बेअरिंग खुळखुळं होतं, शाफ्ट डगमगतो, चेन सरकते, व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडा राहतो आणि पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो. मुठीत मावणारा एक भाग, आणि त्याच्यापायी अख्खं इंजिन भंगारात. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरं टिकलं. पुढे एका रांगेचं आलं, त्याने जास्त घात केला. अमेरिकेत २००१ ते २००५च्या मॉडेलांवरून गाडीमालकांनी मिळून दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. सगळ्याच गाड्यांचं बेअरिंग जातं असं नाही, बहुतेकांचं जात नाही. पण जातं तेव्हा आधी हाक मारत नाही, म्हणून धास्ती मोठी.

आणि इथेच पाणी निर्दोष सुटतं. त्याच ९९६च्या टर्बो आणि जीटी३ या भारी गाड्यांत वेगळं इंजिन होतं, पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेझगर यांच्या जुन्या आखणीतून आलेलं. त्याचा खालचा सांगाडा हवेवरच्या जमान्यातला, मधला शाफ्ट जुन्या पद्धतीने ऑईल पिणारा, आणि थंड करायला पाणी. १९९८ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ९११ जीटी१चं इंजिन याच घराण्यातलं. त्या गाड्यांना हे दुखणं नाही, आणि त्यांच्या किमतीही तेवढ्या पडल्या नाहीत. दोन्ही इंजिनांत पाणी आहे. फरक बेअरिंगचा.

भाच्याने मग माझी फिरकी घेतली. "मामा, रत्नागिरीत चालवायची तर कुठली?"

रत्नागिरीत दोन्हींचे हाल. बंदरावर मी अ‍ॅल्युमिनिअमचा कुठलाही भाग वर्षभर उघडा ठेवला तर त्यावर पांढरी भुकटी धरते, नखाने खरवडली तर पीठ पडतं. खारा वारा फिन्सच्या फटीत बसला की असंच होणार, आणि पंखा तोच खारा वारा दिवसभर आत ओढणार. त्यात गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावची कोंडी धरा. हवेवरच्या गाडीचा पंखा इंजिनच्या वेगाप्रमाणे फिरतो. गाडी उभी, इंजिन मंद, म्हणजे पंखाही मंद, आणि बाहेर ऑगस्टचा घाम. ऑईलचा काटा हळूहळू वर सरकताना बघत बसायचं आणि मनात गणपतीला नवस बोलायचा. पाण्याच्या गाडीत रेडिएटरला विजेचे पंखे, ते इंजिनच्या तोंडाकडे बघत नाहीत, तापलं की फिरतात.

पण ९९६चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या आत दोन बाजूंना, जमिनीलगत, हवा घेणाऱ्या तोंडांच्या मागे. त्या तोंडांतून पालापाचोळा आत जातो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्यावर ती ओली पानं कुजत पडतात आणि धातू खातात. जर्मनीत ओक आणि मेपलची पानं, आपल्याकडे आंब्या-फणसाची आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा चिखल. आमच्या बोटींना हाच रोग प्लॅस्टिकच्या पिशवीचा होतो. पाणी ओढायच्या तोंडावर पिशवी चिकटली की पाच मिनिटांत काटा लाल. उपायही तोच: तोंडाशी हात घालून कचरा काढायचा, पावसाळ्यात दर महिन्याला. ९९६च्या पोटात वीस लिटरहून जास्त कूलंट, म्हणजे इंजिन थंड करणारं औषध घातलेलं पाणी, पाठीपासून पुढपर्यंत नळ्यांतून फिरत असतं. त्यात नळाचं पाणी घालणाऱ्याला माझ्या दुकानात चहा मिळणार नाही.

तरीही कोकणासाठी मी ९९६ म्हणेन. मिठाशी आणि कोंडीशी पाणी जास्त बरं लढतं, असा माझा अनुभव बोटींवरचा. भाचा हसला. त्याला खरं तर ९९३च हवी आहे, ते मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. पण त्याच्या ऑफिसातला एकजण आपली ९९६ विकतोय, २००१ची, आणि ९९३च्या भावात तशा तीन येतील.

मी म्हटलं, मग एक काम कर. इंजिन ऐकू नकोस, कागद बघू नकोस. ऑईल फिल्टर काढायला लाव आणि त्याची कागदी घडी कापून उलगड. आतलं सगळं तिथेच साठलेलं असतं. बेअरिंग झिजत असेल तर पोलादाचा चुरा दिसेल, बारीक, लखलखीत, लोहचुंबकाला चिकटणारा. आणि क्लच कधी बदललाय ते विचार. ते बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाजूला असतं, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून शहाणे लोक क्लच बदलतानाच बेअरिंगही नवं घालून घेतात. बदललं असेल तर पावती बघ.

रविवारी रात्री त्याचा फोटो आला. जर्मन वर्तमानपत्रावर फिल्टरच्या घड्या पसरलेल्या, दुलईसारख्या, ऑईलने काळ्या, आणि मध्ये कसलेतरी ठिपके. खाली लिहिलेलं, "मामा, हे काय?"

मी फोटो मोठा करून बघितला. मोबाईलवर काय कळणार. लिहिलं, लोहचुंबक लाव.

दहा मिनिटांनी उत्तर: "चिकटत नाही. नखाने दाबलं तर चेपतंय. तपकिरी प्लॅस्टिक आहे."

म्हणजे बेअरिंग नाही. चेन ज्या पट्ट्यांवरून घसरत जाते त्या पट्ट्यांचे तुकडे, वयाप्रमाणे झिजलेल्या. आज ना उद्या बदलायच्या, पण गाडी त्यावाचून अडणारी नाही. मी लिहिलं, "घाबरू नकोस, पण विकणाऱ्याला सांगू नकोस. तोंड पाडून उभा राहा आणि भाव उतरव."